एनव्हीडीए आणि मराठी शाळा: मोफत मिळणारा आवाज आणि त्याच्यापर्यंत न पोचणारा मजकूर

कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर डोळ्यांना ‘मराठी’च दिसतं. फाइलच्या पोटात मात्र ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं पडलेली असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, पडद्यावरची आकृती बघत नाही, फाइलचं पोट वाचतो. म्हणून अंध मुलाच्या कानात पडते ती निरर्थक इंग्रजी खडबड. शिक्षकांनी रात्री बसून टाइप केलेल्या दहा पानी नोट्स त्याच्यासाठी कोऱ्या कागदासारख्या असतात, आणि त्या तशा आहेत हे शिक्षकांना कळतही नाही.

एनव्हीडीएबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आमच्या मते हे सॉफ्टवेअर मराठी माध्यमाच्या शाळेसाठी आज तयार आहे. अडतं ते त्याला वाचायला काय दिलं जातं, इथे.

एनव्हीडीए म्हणजे विंडोजवर चालणारा मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स टेह हाही अंध, तो पुढे सोबत आला. त्यांनी काढलेली एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था आजही तो सांभाळते. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. उतरवून घेताना देणगीची विचारणा होते, पण ती द्यायलाच हवी असं नाही. जॉज हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी ताकदवान आहे, पण विकत घ्यावा लागतो. शाळेत, घरी आणि पुढे कॉलेजात असे तीन संगणक धरले तर सामान्य घराला तो परवडत नाही. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, ईमेल एवढ्या शालेय कामासाठी एनव्हीडीए पुरेसा आहे. त्यासाठी जॉजचा खर्च करू नका.

बसवायला दहा मिनिटं लागतात. फाइल उघडताच तो बोलायला लागतो, म्हणजे बसवण्याचं कामही अंध मुलगा स्वतः करू शकतो. तिथे तीन पर्याय येतात: संगणकावर कायमचा बसवा, पोर्टेबल प्रत बनवा किंवा तात्पुरता वापरा. शाळेसाठी यातली पोर्टेबल प्रत सोन्यासारखी आहे. संगणक कक्षातल्या यंत्रांचा ॲडमिन पासवर्ड बहुधा कोणाकडे तरी अडकलेला असतो, त्यामुळे काहीही बसवता येत नाही. पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर राहते आणि पासवर्डशिवाय चालते. मुलाने ठरवलेला आवाज, वेग, कळांची मांडणी हे सगळं त्याच पेनड्राइव्हवर साठतं. सेटिंग बदलल्यावर इन्सर्ट-कंट्रोल-सी दाबून ते एकदा जतन करायचं, एवढं मात्र विसरायचं नाही.

पोर्टेबल प्रतीची एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. विंडोज जेव्हा ‘हा प्रोग्रॅम चालवू द्यायचा का’ असं विचारत पडदा काळवंडते, त्या सुरक्षित खिडकीत ही प्रत गप्प होते. लॉगिनच्या पडद्यावरही ती बोलत नाही. मुलाला वाटतं संगणक अडकला, आणि तो उगाच कळा दाबत बसतो. शेजारी डोळस मित्र असेल तर प्रश्न नाही. रोजचा संगणक ठरलेला असेल तर मात्र पासवर्ड शोधून काढा आणि एनव्हीडीए कायमचा बसवा.

आता आवाज. सोबत ईस्पीक एनजी हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. इन्सर्ट-कंट्रोल-व्ही दाबलं की आवाजाची सेटिंग उघडतात, तिथे मराठी निवडायचं. वेग सुरुवातीला ३० ते ४०च्या दरम्यान ठेवावा आणि दर आठवड्याला थोडा वाढवावा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज पत्र्यासारखा लागतो. पालक तर ‘हे काय मराठी आहे?’ असंच विचारतात. त्यांनी एक लक्षात घ्यावं: कळ दाबताच हा आवाज बोलतो, जराही रेंगाळत नाही, आणि वेग खूप वाढवला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. गोड आवाज गोष्टी ऐकायला चांगला, भूमितीचं गणित चार वेळा मागेपुढे जाऊन वाचायला हा चांगला. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक या तिथल्या स्क्रीन रीडरसोबत गुगलचा मराठी आवाज मिळतो, तो खूपच नैसर्गिक आहे. कथा-कादंबरीसाठी फोन आणि अभ्यासासाठी लॅपटॉप अशी वाटणी करावी.

इथेच एक तांत्रिक खोड येते. वर्डमधला मजकूर युनिकोड मराठीत, म्हणजे फाइलच्या पोटातही खरी देवनागरी अक्षरं अशा पद्धतीत असला तरी त्यावर भाषेची खूण ‘इंग्रजी’ अशी राहिलेली असते. एनव्हीडीए ती खूण पाहून मध्येच आवाज बदलतो आणि उच्चार बिघडतात. मुलाला वाटतं सॉफ्टवेअर खराब आहे. उपाय दोन. फाइल बनवणाऱ्याने कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडावा आणि वर्डच्या रिव्ह्यू टॅबमधून भाषा मराठी करावी. नाहीतर मुलाने एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये जाऊन भाषा आपोआप बदलण्याच्या पर्यायावरची खूण काढावी. दुसरा उपाय सोपा आहे, पण इंग्रजीच्या तासाला तो पर्याय पुन्हा चालू करावा लागतो.

हेडफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवाले झोपी जातात आणि वाक्याचा पहिला शब्द गिळतात. अभ्यासात तो पहिला शब्द नेमका ‘नाही’ असू शकतो.

कळा शिकवताना यादी पाठ करायला लावू नये. इन्सर्ट आणि १ दाबलं की मदत चालू होते. मग कुठलीही कळ दाबा, तिचं नाव आणि काम तो सांगतो, प्रत्यक्षात काही घडत नाही. पाचवीतल्या मुलाला पहिले चार दिवस एवढंच करू द्यावं. त्यानंतर इन्सर्ट-खाली बाण म्हणजे पुढचं सगळं वाच, कंट्रोल म्हणजे थांब, शिफ्ट म्हणजे थोडं थांब. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर कीबोर्डची मांडणी ‘लॅपटॉप’ करावी आणि इन्सर्टच्या जागी कॅप्स लॉक घ्यावं. तिथे सगळं वाचायची कळ बदलून कॅप्स लॉक-ए होते. वेब पानावर एच दाबलं की एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी बसते, टी ने तक्त्यावर, एफ ने फॉर्मच्या रकान्यावर. इन्सर्ट-एफ७ सगळ्या दुव्यांची आणि शीर्षकांची यादी समोर ठेवतो.

डोळस शिक्षकांसाठी टूल्स मेन्यूत स्पीच व्ह्यूअर आहे. एनव्हीडीए जे बोलतो ते या छोट्या खिडकीत अक्षरांत उमटत जातं. तीस मुलांच्या वर्गात हेडफोन न मागता मूल कुठे अडलंय ते कळतं. आपली फाइल मुलाच्या कानात कशी जाते हे तपासायचा सगळ्यात प्रामाणिक मार्गही हाच.

मराठी म्हणून जिथे खरी परीक्षा होते ती जागा शुद्धलेखनाची. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, कानाला फरक कळत नाही. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण लिपी ते दाखवत नाही. ‘सगळं जग’ मधला ज आणि ‘सुखाने जग’ मधला ज वेगळा आहे, हे आवाजाला कळत नाही. फक्त ऐकून शिकलेलं मूल ह्रस्व-दीर्घ अंदाजाने लिहितं आणि मग मराठीच्या उत्तरपत्रिकेत गुण जातात. शब्द सुटा करून ऐकायची सोय आहे: नंबरपॅडचा ५ दोनदा झटपट दाबला की एनव्हीडीए शब्दातली अक्षरं आणि मात्रा वेगळ्या करून सांगतो. चांगली सोय आहे, पण प्रत्येक शब्दाला कोण हे करणार?

म्हणून ठामपणे सांगतो, एनव्हीडीए आला की ब्रेल बंद हा हिशेब चुकीचा आहे. ब्रेल लिहायची पाटी आणि स्टायलस पहिलीपासून हातात हवीच. बोटाखाली इकार आणि ईकार यांचे ठिपके वेगळे लागतात, तेव्हाच ते डोक्यात बसतात. जिथे शक्य असेल तिथे ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटाखाली ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, जोडावा. ऑर्बिट रीडर २० मध्ये ब्रेल अक्षरांची वीस घरं असतात, तो यूएसबी किंवा ब्लूटूथने एनव्हीडीएशी जोडला जातो आणि एनव्हीडीएमध्ये मराठीचा ब्रेल तक्ता निवडता येतो. आवाज वाक्य सांगतो, बोट शब्द तपासतं. ही जोडी जमली की मुलाची प्रगती झपाट्याने होते. वीस घरांत मराठी वाक्य जेमतेम अर्धं मावतं, त्यामुळे कविता वाचायला तो अपुरा वाटतो, हे खरं.

लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डच शिकवा. विंडोजच्या भाषा सेटिंगमधून मराठी जोडली की तो मिळतो, विंडोज-स्पेसबारने भाषा बदलते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एका कळेला एक खूण, त्यामुळे एनव्हीडीए नेमकं तेच बोलतो. के म्हणजे क, डी म्हणजे पाय मोडणं, जे म्हणजे र. ‘क्र’ हवा असेल तर के, डी, जे. उच्चाराप्रमाणे इंग्रजीतून टाइप करायच्या साधनांत शब्द लिहून झाल्यावर पर्यायांची यादी येते आणि अंध मुलाला दर शब्दाला ती ऐकत बसावी लागते. शिकायला पहिला महिना ते सोपं वाटतं, पुढची दहा वर्षं ते पायात येतं. खोडताना एक बारकावा आहे. बॅकस्पेसने फक्त मागची मात्रा निघते, डिलीटने पुढचं आख्खं जोडाक्षर जातं. हे न कळल्यामुळे मुलं एक वेलांटी दुरुस्त करायला पूर्ण शब्द पुसतात.

आता मूळ दुखणं, फाइली. मजकूर वाचनीय आहे का याची चाचणी एका मिनिटाची आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. स्वच्छ मराठी आली तर काम झालं. इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला तर फाइल कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. काहीच निवडलं जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. चौथा प्रकार फसवा असतो: देवनागरीच येते, पण वेलांट्या इकडच्या तिकडे आणि जोडाक्षरं तुटलेली. वर्डची फाइल असेल तर मुलगा स्वतःही शोधू शकतो, इन्सर्ट-एफ दाबलं की फॉन्टचं नाव ऐकू येतं. मंगल, निर्मला, कोकिला, अपराजिता अशी युनिकोड फॉन्टची नावं आली तर ठीक.

जुन्या फॉन्टची फाइल युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण मूळ वर्ड फाइल मागून घ्या, पीडीएफवरून बदल करायला जाऊ नका. बदलल्यावर सगळं न वाचता चार ठिकाणं तपासा: रफार, वेलांटी, ऋकार आणि अर्धा र. ‘डोंगरदऱ्या’ चं ‘डोंगरदर्या’ झालं तर डोळस वाचक समजून घेतो, आवाज मात्र दर्या म्हणजे समुद्रच सांगतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यात तर स्वयंपाकी आणि गुरू यांची अदलाबदल होते.

फोटोच्या पानांसाठी एनव्हीडीएची स्वतःची इन्सर्ट-आर ही सोय आहे, पण ती विंडोजच्या अक्षरओळखीवर (फोटोतला मजकूर ओळखण्याच्या सोयीवर) चालते आणि तिथे देवनागरी नाही. मराठीसाठी फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडावी किंवा फोनवर गुगल लेन्स वापरावी. एका स्तंभाचं स्वच्छ छापील पान चांगलं ओळखलं जातं. दोन स्तंभ, चौकटी, ‘माहीत आहे का तुम्हांला’ अशा रंगीत पट्ट्या आल्या की ओळी एकमेकांत घुसतात. विज्ञानाच्या पुस्तकात हे सारखं होतं. तिथे माणसाने तपासल्याशिवाय मजकूर मुलाच्या हाती देऊ नये.

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. घेतल्यावर प्रत्येक पुस्तकाला नोटपॅडची चाचणी लावा. सुगम्य पुस्तकालय हा दुसरा ठेवा: केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडियासोबत २०१६ मध्ये सुरू केलेलं हे ऑनलाइन वाचनालय छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात मराठी पुस्तकंही आहेत. डेझी किंवा ईपब या डिजिटल रूपातलं पुस्तक थोरियम रीडर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडलं की प्रकरणावरून प्रकरणावर जाता येतं. पुस्तकाचं असं रूपांतर करणं चोरी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रत बनवायला मोकळीक दिली आहे. शाळा ‘कॉपीराइट आहे’ म्हणून स्कॅन करायला कचरत असेल तर हे त्यांना सांगा.

गणितात एनव्हीडीएची साथ अर्धीच मिळते. वर्डच्या इक्वेशन साधनाने लिहिलेलं समीकरण मॅथकॅट हे गणित वाचून दाखवणारं साधन असलं की ऐकता येतं. पण समीकरणाचं चित्र चिकटवलं असेल तर ‘ग्राफिक’ एवढाच शब्द कानावर येतो. भूमितीच्या आकृत्या आणि भूगोलाचे नकाशे यांना उंचवट्याच्या आकृतीशिवाय पर्याय नाही. संगणक सगळं करील अशी आशा दाखवून गणित सोडायला लावणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

शिक्षकांचं काम तुलनेने थोडं आहे आणि ते नीट झालं तर सगळं बदलतं. युनिकोडमध्ये टाइप करा. शीर्षक नुसतं ठळक करू नका, वर्डची हेडिंग शैली लावा, कंट्रोल-ऑल्ट-१. चित्राखाली दोन ओळींचं वर्णन घाला. ‘जोड्या लावा’ साठी साधा दोन स्तंभांचा तक्ता करा, घरं एकत्र जोडू नका. रिकाम्या जागेसाठी टिंबांची रांग ओढण्याऐवजी ‘रिकामी जागा’ असे दोन शब्द लिहा, कारण एनव्हीडीएमध्ये विरामचिन्हं बोलून दाखवण्याची पातळी कमी असेल तर ती रांग ऐकूच येत नाही आणि प्रश्नाचं विधान होऊन बसतं.

हे सगळं शाळेची मेहेरबानी म्हणून मागू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्था समावेशित शिक्षण देतील यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी प्रयत्न करावेत, आणि अंध मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिकवलं पाहिजे असं त्यात आहे. कलम १७ मध्ये ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, इतर अध्ययन साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत द्यायची तरतूद आहे. वाचता येणारी फाइल हे अध्ययन साहित्यच आहे. मुख्याध्यापकांना अर्ज द्याल तेव्हा ‘सहकार्य करावे’ असं मोघम लिहू नका. कोणत्या विषयाची कोणती फाइल, कोणत्या रूपात, कोणत्या तारखेपर्यंत हे लिहा, यूडीआयडी कार्डाची (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा आणि पोच घ्या. गटसाधन केंद्रात ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात, अर्जाची एक प्रत त्यांच्याकडेही जाऊ द्या.

लेखी परीक्षेबाबत केंद्राने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेल, संगणक, मोठा टाइप किंवा उत्तरांचं ध्वनिमुद्रण यांतला मार्ग शक्यतो परीक्षार्थीने निवडावा असं म्हटलं होतं. तासाला किमान वीस मिनिटं भरपाईचा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हेही त्यात होतं. स्वतःचा लॅपटॉप चालणार नाही, पण संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा आणि स्वतःचा कीबोर्ड आणू द्यावा, असंही त्यात होतं. नियम बदलतात, म्हणून आपल्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं चालू वर्षाचं परिपत्रक मिळवा आणि अर्ज त्यातल्या मुदतीत द्या. सवय लावायला शाळेच्या घटक चाचण्यांपासूनच संगणकावर लिहू द्यावं. आठ-नऊ वर्षं लेखनिकाला सांगून लिहिलेलं मूल दहावीत एकदम स्वतः टाइप करू शकत नाही.

तपासणीच्या दिवशी केंद्रावर पाच गोष्टी बघा. आवाजात मराठी आहे का. भाषा बदलल्यावर इनस्क्रिप्टच येतो का. प्रश्नपत्रिका वर्डमध्ये युनिकोडमध्ये मिळणार की फोटोची पीडीएफ. वर्ड दर दोन मिनिटांनी आपोआप जतन करतं का. आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर एनव्हीडीए स्वतःहून बोलतो का, कारण मध्येच वीज गेली तर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून तो सुरू करायचं काम त्या खोलीत बहुतेक एकट्या परीक्षार्थीलाच माहीत असेल.